पाण्यावरचा जाळ

मी जिंतूरला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. अकरावीचा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात मी मुलांना विचारते, पाणी पेटतं का? मुलं हसतात. मग मी फळ्यावर दोन नावं लिहिते. हायड्रोजन, जो काडी दाखवली की फट्‌ आवाज करून पेटतो. ऑक्सिजन, जो स्वतः पेटत नाही पण दुसऱ्याला जळू देतो. या दोघांचं मिळून पाणी झालं, तर त्यानं भडकायला हवं. ते उलट आग विझवतं. असं का?

मी सांगते, चुलीत लाकूड जळून राख होते. त्या राखेला पुन्हा काडी लावून बघा, पेटणार नाही, कारण ती जळून झालेली आहे. हायड्रोजन जळून जे उरतं ते पाणी. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. एवढं सांगितलं की मुलांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकतं, आणि वर्षभर शिकवायला मला तेवढं पुरतं.

त्या वर्षी हा तास होऊन थोडेच दिवस झाले असतील, तेव्हा माझ्या भावाचा फोन आला. माझा भाऊ माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते आणि तो मला लाडानं ताई. तो फोन करणारा माणूस नाही. काही निरोप असला तर वहिनी करते. त्यामुळे त्याचा आवाज ऐकून मला आधी आईची काळजी वाटली. आई बरी आहे म्हणाला. पाऊसपाण्याचं बोलला, कपाशीचं बोलला. मग म्हणाला, "ताई, तू शिकलेली हायस म्हणून इचारतो. पाणी पेटतं का?"

मी न पेटण्याचं कारण सांगायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तसं असंल तर रविवारी ये. आपलं पेटायलंय."

आमचं शेत जिंतूरपासून एसटीनं थोड्याच अंतरावर, फाट्यावर उतरून आत चालत जायचं. दादा, वहिनी आणि आई गावात राहत नाहीत, शेतातच राहतात. शेतातल्या अशा वस्तीला आमच्याकडे आखाडा म्हणतात. दोन खोल्या, पुढं पडवी, गोठा, एक म्हैस. जुनी विहीर होळीलाच तळ दाखवायची, म्हणून दादानं त्या उन्हाळ्यात बोअर घेतला होता. खूप खोल गेल्यावर पाणी लागलं. पहिल्यांदा मोटार चालू केली तेव्हा पाणी दुधासारखं पांढरं आलं होतं. बादलीत भरून ठेवलं की तळाकडून वर असं हळूहळू नितळ होत जायचं आणि चव गोड. सगळ्यांना बरं वाटलं. मोटार मधूनच घुटमळायची, पाइपातून गुळगुळ असा आवाज यायचा, पाणी आचके देत पडायचं. मोटार बसवणारा म्हणाला, हवा धरायलीय, जाईल हळूहळू. ती गेली नाही.

मी पोचले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. दादा मला थेट हौदाकडे घेऊन गेला. त्याच्या उजव्या मनगटावरचे केस जळून गुंडाळले गेले होते. हौदाच्या कडेला बसून त्यानं बिडी शिलगावली होती, काडी पाण्यात टाकली, आणि हाताला चटका बसला. पाण्यात टाकलेली काडी, आणि चटका हाताला. त्यानं ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून पाहिलं, पुन्हा तेच झालं, तेव्हा वहिनीला सांगितलं.

त्यानं मोटार चालू केली. पाणी गुळगुळ करत हौदात पडू लागलं. त्यानं काडी ओढून पाइपाच्या तोंडाखाली टाकली. मला काहीच दिसलं नाही. हौदात पाणी दिसत होतं, पाण्यात आभाळ दिसत होतं, आणखी काही नव्हतं. मग त्यानं गेल्या साली उपटलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक वाळकी काडी घेतली आणि पाण्याच्या वर, पाण्याला न लागेल अशी धरली. काडीचं टोक काळं झालं आणि पेटलं.

मी शिकवण्यासाठी कितीतरी ज्वाला पेटवल्या आहेत. न दिसणारी ज्वाला पहिल्यांदाच समोर पाहिली, आणि तीही पाण्यावर. दादानं हौदावर घोंगडी धरली, आम्ही दोघं त्या सावलीत वाकलो, तेव्हा ती दिसली. निळी, पातळ, पाण्यावर पसरलेली. तुटायची, सरकायची, पुन्हा जुळायची. पाणी हलेल तशी हलायची. तिला आवाज नव्हता.

आमच्यामागं आई येऊन उभी राहिली होती. भांडणं लावणाऱ्या माणसाला आमच्याकडे म्हणतात, हा पाण्यात आग लावील. लहानपणापासून ऐकलेलं ते बोलणं त्या दुपारी कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

मी बाटली भरून घेतली, तोंडावर अंगठा ठेवून बादलीतल्या पाण्यात उलटी केली. थोड्या वेळानं बाटलीच्या बुडाशी वायूची जागा तयार झाली. बाटली काढून काडी दाखवली, तर तोंडाशी निळा जाळ आला आणि गेला. वास नाही, धूर नाही, काजळी नाही. मला बरंचसं कळलं. मी पडवीत बसून सगळ्यांना समजावलं. जळतंय ते पाणी नाही. पाण्यात विरघळलेला वायू आहे, मिथेन. गोबर गॅसमध्ये जो असतो तोच. सोड्याच्या बाटलीचं बूच काढलं की आतला गॅस कसा फसफसून वर येतो, तसं. खाली, खोल, पाण्यावर दाब असतो म्हणून वायू पाण्यात मुरून राहतो. मोटारीनं पाणी वर ओढलं की दाब कमी होतो आणि वायू सुटतो. म्हणून पाणी पांढरं दिसतं, म्हणून मोटार हवा धरते. ती हवा नाहीच.

दादाचा चेहरा सैल झाला. "मंजे पाणी चांगलं हाय," तो म्हणाला.

पाणी चांगलं आहे, मी सांगितलं. उघड्या भांड्यात थोडा वेळ ठेवून प्यायचं. पण तो वायू कुठं कोंडू द्यायचा नाही.

वहिनीनं विचारलं, मग त्याच्यावर स्वयंपाक होईल का. ती थट्टा करत नव्हती. मी नको म्हणाले, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. वहिनी अशीच आहे. एकदा विचारते, उत्तर ठेवून घेते.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जमिनीच्या पोटात कायतरी कुजायलंय. इतक्या खोल कोण गेलं कुजायला?"

मला हसू आलं नाही.

निघताना मी बोअरची कोठी पाहिली. त्या भागात केबल आणि स्टार्टर चोरीला जायचे, म्हणून दादानं बोअरच्या तोंडावर लोखंडी अँगल उभे करून चारी बाजूंनी पत्रे ठोकले होते, वर पत्र्याचं छप्पर, एक दार, दाराला कुलूप. बोअरच्या भोकात उतरवलेला केसिंग पाइप कोठीच्या मधोमध जमिनीतून वर आलेला, आणि भिंतीला छातीएवढ्या उंचीवर स्टार्टरची पेटी. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये सगळीकडून हात जाईल एवढी फट होती. ती पाहून मला हायसं वाटलं. मिथेन हवेपेक्षा हलका, वर जातो, या फटीतून निघून जाईल. मी दादाला सांगितलं, मोटार चालू होताना स्टार्टरमध्ये ठिणगी पडते, तो बाहेर खांबावर घे. तो म्हणाला, बाहेर घेतला तर सकाळी खांबच उरंल. मग मी म्हणाले, निदान ही फट कधी बुजवू नको. तो हो म्हणाला.

सोमवारी मी कॉलेजात माझ्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं. ते भूगोल शिकवतात, पण त्यांचा जीव दगडांत. ते म्हणाले, नक्की सांगायला तपासणी करावी लागेल, पण असं होऊ शकतं. आपल्या पायाखालचा काळा दगड एका दिवसात झालेला नाही. लाव्ह्याचा एक थर आला, थंड झाला, मग हजारो वर्षं काहीच नाही. त्या काळात त्यावर तळी झाली, गाळ साचला, झाडं आली, जनावरं पाण्यावर आली. मग पुन्हा लाव्हा आला आणि ते सगळं तसंच्या तसं झाकून गेला. बोअर दोन थरांच्या मधल्या अशा एखाद्या जुन्या तळ्यात गेला असेल. "तिथलं सडणं अजून संपलेलं नसेल," ते म्हणाले आणि पुढच्या तासाला निघून गेले.

मला त्या रात्री आणि नंतरही ते तळं डोळ्यांपुढं यायचं. वरून दगड पडलेलं, अंधारातलं, कुणी न पाहिलेलं तळं. आणि आमच्या बोअरची नळी त्यात बुडालेली.

पावसाळा सरत आला तेव्हा परतीच्या पावसानं आमच्याकडे झोडपून काढलं. आडवा पाऊस. तो कोठीच्या फटीतून आत यायचा आणि स्टार्टर भिजायचा. शेजारच्या शिवारात ओल्या स्टार्टरला हात लावून एक चांगला धडधाकट माणूस जागच्या जागी गेला होता. दादा त्याच्या अंत्यविधीला गेला होता. घरी आला आणि त्यानं फटीत प्लास्टिकचा कागद कोंबला. सगळीकडून, नीट, काठीनं ठोसून. त्याच्यासमोर दोन मरणं होती. एक त्यानं स्वतः पाहिलं होतं, दुसरं मी तोंडानं सांगितलेलं. त्यानं पाहिलेल्याचा बंदोबस्त केला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच पावसात डीपी जळाली. शेतातल्या मोटारींना वीज देणारं ते रोहित्र ओढ्याच्या पलीकडं होतं. ते जळालं की त्या भागातली सगळी शेतं बंद पडतात आणि नवं मिळेपर्यंत वाट बघत बसायचं. आखाड्यावर दिवा नाही, मोटार नाही, मोबाइल चार्ज करायला गावात जायचं, कारण गावठाणाची लाइन वेगळी. पाणी जुन्या विहिरीतून, पावसानं तिला थोडं आलं होतं. बोअरच्या कोठीला कुलूप. तिकडं कुणाला जायचं कारणच नव्हतं.

एक दिवस मी स्टाफरूममध्ये होते तेव्हा वहिनीचा फोन आला. ती गावात गिरणीवर दळणाला आली होती, तिथंच मोबाइल चार्जला लावला होता. तिचं बोलणं नेहमीसारखं सावकाश चाललं होतं. कापसाची वेचणी आली, माणूस मिळेना. हरभरा पेरायचाय. आज नवी डीपी आली, हे सकाळपासून तिकडंच आहेत, वायरमनबरोबर. मग ती म्हणाली, "ताई, एक इचारायचं राह्यलं. सकाळी कोठीत खताची रिकामी पोती टाकायला दार उघडलं. खाली पाली मरून पडल्यात. चारपाच. अन् वर पत्र्याला गांधीलमाशांचं पोळं होतं, ते पुरं ओस पडलंय. आवषध तर कुणी मारलं न्हाई."

मी तिला विचारलं, फट उघडी आहे का.

ती म्हणाली, ह्यांनी पावसात प्लास्टिक कोंबलं.

तेव्हा मला ते पत्र्याच्या आत बसून बघितल्यासारखं दिसलं. पाली छपराला चिकटून असतात. पोळंही छपराला. वायू केसिंगमधून निघत होता, वर जाऊन छपराखाली साचत होता, आणि बाहेर जायला वाट नव्हती. वरच्या जिवांना हवा उरली नाही. ते पडले. वायू तिथं थांबला नव्हता, तो वरून खाली भरत येत होता, टाकीत पाणी खालून वर भरत जावं तसा, फक्त उलट. मी मुलांना शिकवते की मिथेन फार कमी असेल तर पेटत नाही, आणि फार जास्त असेल तरी पेटत नाही, कारण जळायला हवा लागते. शंभर भागांत साधारण पाच ते पंधरा भाग मिथेन असला की तो भडकतो. छपराशी तो त्याहून कितीतरी जास्त असणार. जमिनीशी कमी. मधे कुठंतरी तो थर असणार ज्याला एक ठिणगी पुरे. स्टार्टर छातीएवढ्या उंचीवर होता.

मी तिला सांगितलं, आत्ताच्या आत्ता घरी जा. कोठीत कुणी पाऊल टाकायचं नाही, काडी ओढायची नाही. कुलूप लाव आणि किल्ली तुझ्यापाशी ठेव. आईला कोठीपासून लांब बसव. आणि दादाला आत जाऊ देऊ नको.

तिनं कारण विचारलं नाही. दळण गिरणीतच ठेवून ती निघाली.

दादाचा फोन बंद होता, आखाड्यावर चार्जिंग नव्हतंच. डीपीवर आणखी कोण असेल त्यांचे नंबर माझ्याकडे नव्हते. मी गावातल्या ओळखीच्या दुकानात फोन लावला, कुणी उचलला नाही. रजेचं सांगून मी स्टँडवर गेले. एसटी लागलेली होती पण सुटत नव्हती. कंडक्टर खाली उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. खिडकीबाहेर ऊन स्वच्छ होतं, पाऊस धुऊन गेल्यावर पडतं तसं. लोक पेरू खात होते. मला त्या साध्या गोष्टींचीही भीती वाटत होती.

फाट्यावरून मी जवळजवळ पळतच गेले. पाऊलवाटेवरची काळी माती चपलांना धरत होती, मी चपला हातात घेतल्या. आखाडा दिसला. सगळं शांत होतं. आई लांब बाभळीखाली पोत्यावर बसलेली. वहिनी कोठीच्या बाजूला उभी. मला बघून तिनं पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली वर करून दाखवली. मी तिथंच बांधावर बसले. पाणी मागावं असं वाटलं.

दादा कुठं आहे, मी विचारलं. तिनं ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. तिथं डीपीच्या खांबाशी चारपाच माणसं उभी होती, लहान लहान दिसत होती.

मग मी सहज विचारलं, स्टार्टर बंद आहे ना. तिच्या कपाळावर आठी आली.

"ऑटोवर हाय," ती म्हणाली. "लाईट आली की आपोआप चालू व्हती."

शेतातली वीज कधी येईल कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून बहुतेक शेतकरी स्टार्टरला ऑटो बसवतात. वीज आली की तो आपोआप मोटार चालू करतो, माणसाला जावं लागत नाही. डीपी जळाली त्या दिवशी मोटार चालू होती. दादानं ऑटो काढला नव्हता, कुणीच काढत नाही. दाराला कुलूप होतं, किल्ली पदराला होती, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. ओढ्यापलीकडं वायरमननं दांडा ओढला की कोठीच्या आत, छातीएवढ्या उंचीवर, ठिणगी पडणार होती.

आम्ही दोघी कोठीकडे पाहत राहिलो. पत्रे उन्हात चमकत होते. दार उघडून गॅस बाहेर सोडावा, की आत जाऊन ऑटो बंद करावा, हे दोन्ही माझ्या मनात आलं. पण दाराशी असतानाच लाइट आली तर. मी वहिनीला म्हणाले, तू आईकडं जा, मी डीपीकडं जाते.

मी कपाशीतून पळाले. बोंडं फुटलेली, फांद्या अंगाला ओरबाडत होत्या. मी ओरडत होते, लाइट सोडू नका. वारा माझ्याकडेच वाहत होता. त्या माणसांनी मला पाहिलं. एकानं हात हलवला. त्यांना वाटलं असेल, कुणाला पान लागलं, साप चावला. दादा त्यांच्यातून निघून माझ्याकडं चालायला लागला, मग पळायला लागला. वायरमनची पाठ माझ्याकडं होती.

मी मागं वळून पाहिलं. वहिनी आईकडं गेली नव्हती. कोठीच्या मागच्या सावलीत म्हैस बांधलेली होती, वहिनी खुंट्याशी वाकून दावं सोडत होती. ओल्या दाव्याची गाठ सुटत नव्हती. मी तिला हाक मारली. तिनं वर पाहिलं नाही. म्हैस सुटली. वहिनीनं तिच्या पाठीवर थाप मारली.

आवाज जसा ऐकला तसा सांगते. धडाका नव्हता तो. जड होता, जमिनीतून पायात आला. कोठीचं छप्पर झाकणासारखं वर उचललं गेलं, हवेत थोडं थांबल्यासारखं झालं, मग वाकडं होऊन कपाशीत पडलं. भिंतीचे पत्रे बाहेर फुगले आणि एक पत्रा गिरक्या घेत गेला. जाळ मला दिसला नाही. उन्हात फक्त हवा थरथरली, डांबरी रस्त्यावर दुपारी थरथरते तशी, आणि त्या थरथरीत वहिनी उभी होती. मग ती खाली बसली.

मी तिच्यापाशी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. डावा हात खांद्यापर्यंत, डावा गाल, कान. केस जळल्याचा वास. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी काय बोलतेय ते तिला ऐकू येत नव्हतं. केसिंगच्या तोंडावर आता माणसाएवढा जाळ उभा होता, त्याचा फुरफुर आवाज येत होता, आणि तो दिसत होता कारण कोपऱ्यातून उडालेली खताची पोती त्यात जळत होती. दादा आला. त्यानं आधी वहिनीकडं पाहिलं, मग विहिरीवरून भरून ठेवलेल्या पाण्यात पोतं बुडवून ओलं केलं आणि केसिंगच्या तोंडावर दाबलं. जाळ विझला. त्याचे हात भाजले, ते त्याला दवाखान्यात गेल्यावर कळलं. पलीकडं वायरमननं लाइट पुन्हा पाडली होती. सगळी माणसं धावत येत होती.

आई उठली नव्हती. ती बाभळीखाली तशीच बसून होती, दोन्ही हात मांडीवर. नंतर मी तिला उठवायला गेले तेव्हा तिला उठता आलं नाही.

शेजारच्या शेतकऱ्याच्या जीपमधून वहिनीला आधी जिंतूरला आणि तिथून परभणीला नेलं. ती बरेच दिवस दवाखान्यात होती. मी सुट्टी घेऊन तिच्यापाशी राहिले. दादा भिंतीशी बसून असायचा, हातांना पट्ट्या. तो माझ्याशी फार बोलला नाही, मीही त्याला काही विचारलं नाही. एकदाच तो म्हणाला, त्यानं प्लास्टिक कोंबताना मनात असं धरलं होतं की पाऊस उघडला की काढू. पाऊस उघडून चार दिवस झाले होते.

वहिनीला जेव्हा बोलण्याइतपत बरं वाटू लागलं, तेव्हा मी तिला विचारलं, तू म्हशीकडं का गेलीस, मी तुला आईकडं जा म्हणाले होते. तिच्या उजव्या कानाशी वाकून विचारावं लागलं.

"ती बांधलेली होती," ती म्हणाली. "मी न्हवते."

बोअर बुजवून टाकावा असं दादाच्या मनात होतं. पण उन्हाळ्यात मग काय प्यायचं, याचं उत्तर नव्हतं. माझे ते भूगोलाचे सहकारी येऊन जागा बघून गेले. त्यांच्या सांगण्यानुसार केसिंगचं तोंड बंद करून त्याला उंच नळी लावली, झाडांहून उंच, म्हणजे वायू वरच्या वर निघून जावा. कोठी पुन्हा बांधली नाही. स्टार्टर लांब, उघड्यावर, खांबाला. पाणी उंचावरून दगडांवर आपटत हौदात पडतं, त्यात उरलासुरला वायू उडून जातो. दोन वेळा तपासून झालं, पाण्यात दोष नाही. सगळे तेच पितात. मी गेले की मीही पिते. पेल्यात घेतल्यावर त्याकडं थोडा वेळ बघते, वर काही बुडबुडे येतात का ते, आणि मग पिते. किती दिवस हा वायू येत राहील, मी सहकाऱ्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, महिन्यात संपेल किंवा आपल्या नातवंडांनंतरही संपणार नाही. खाली तळं केवढं आहे ते कुणाला माहीत.

नळीचं टोक घराच्या पडवीतून दिसतं. तिथून काही निघताना दिसत नाही. पण वारा पडलेला असला की त्या टोकाच्या मागचं आभाळ थोडंसं हलतं. दादानं बिडी सोडली. आई हल्ली पडवीत बसत नाही, आतल्या खोलीत बसते आणि दिवसाही दार उघडं ठेवायला लावते.

वहिनीच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. हातावरची कातडी आखडली आहे, तरी ती वेचणीला जाते. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, एका कानानं ऐकू येईल पण आवाज कुठल्या बाजूनं येतोय ते कळणार नाही, त्याला दोन्ही कान लागतात. ते किती खरं आहे ते मला या उन्हाळ्यात कळलं. मी चार दिवस आखाड्यावर गेले होते. आमच्या बोअरला पाणी टिकलं आहे हे पाहून आसपासच्या लोकांनीही खोल बोअर घ्यायचं ठरवलं. दादा प्रत्येकाच्या बांधावर जाऊन आला, काय झालं ते सांगून आला. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, वहिनीची विचारपूस केली. पाणी तर लागतं ना, असंही म्हणाले.

दुपारी बोअर घेण्याच्या गाडीचा आवाज सुरू झाला, दगड फोडणारा तो एकसारखा आवाज. भांड्यातलं पाणी थरथरत होतं. वहिनी धुणं टाकून अंगणात आली. तिनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली, पुन्हा इकडं वळवली. तिला दिशा सापडेना.

"कुणीकडून यायलाय आवाज?" तिनं मला विचारलं.

मी पाहिलं. ओढ्याच्या अंगाला धुळीचा एक पांढरा लोट उठला होता, आणि मागं, रस्त्याच्या बाजूला, दुसरा.

"दोन्हीकडून," मी तिच्या उजव्या कानाशी सांगितलं.